पाटीवर पाच, दोरावर साडेसात

सोनाळ्यात विहिरीसाठी नवी मोटार विकत घेणारा माणूस दुकानदाराला गॅरंटीचं काही विचारत नाही. तो एवढंच विचारतो, की नजमाआपाकडे नेऊन दोर लावला तर चालेल ना? आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत राहतो. काय समजायचं ते तिथेच समजतं.

नजमुन्निसा हे तिचं पूर्ण नाव, पण ते फक्त आधार कार्डावर. एरवी लहानथोर सगळे नजमाआपाच म्हणतात. बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं मोटारी भरायचं दुकान आहे. वर पत्र्याची पाटी, ‘फकीर मोहम्मद मोटार रिवाइंडिंग’. फकीर मोहम्मद म्हणजे तिचे अब्बा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पाटी तशीच आहे. बदलण्यासारखं त्या नावात काही नाही, असं ती म्हणते आणि गिऱ्हाइकंही म्हणतात. चौदाव्या वर्षी ती अब्बांच्या हाताखाली तार गुंडाळायला बसली. लग्न होऊन अकोटला गेली, नवरा लवकर गेला, तशी परत येऊन त्याच पाटावर बसली. आता वय बावन्न. बुटकीशी, ओढणी कमरेला खोचलेली, चष्मा गळ्यात, बोटांना वार्निशचा पिवळा रंग कायमचा. आणि जीभ अशी, की उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाने मोटारीची चौकशी करायच्या आधी स्वतःची करून घ्यावी.

जळकी मोटार उघडायची, करपलेली तार उपसून काढायची, खाचांत नवी तांब्याची तार बसवायची, वार्निश पाजून उन्हात वाळवायची. हे काम जिल्ह्यात पुष्कळ जण करतात. पण भरलेल्या मोटारीत खरोखर किती जोर आहे हे मोजून देणारं दुकान आसपासच्या चार तालुक्यांत हे एकच.

तो दोर म्हणजे अब्बांची करामत. तरुणपणी मलकापूरला एका जिनिंगमध्ये ते फिटर होते, तिथे कुठल्याशा साहेबाने इंजिनाचा जोर असा मोजताना त्यांनी पाहिला होता. मोटारीच्या दांड्याला बिडाचं एक चाक बसवायचं. चाकावरून सुती दोर टाकायचा आणि दोराची दोन्ही टोकं दोन ताणकाट्यांना अडकवायची. मोटार सुरू करून दोर आवळत जायचं. चाक दोराला ओढतं, एक काटा जास्त दाखवतो, दुसरा कमी. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे मोटारीचा जोर. घासून घासून चाक तापतं, म्हणून वर पाण्याची धार सोडायची. तार सोसेल तेवढा करंट मीटरवर दिसला की आवळणं थांबवायचं, त्यापुढे मोटार जळते. हे सगळं इतरांनाही जमलं असतं. पण चाक केवढं घ्यायचं हे अब्बांनी असं बसवलं होतं, की काट्यावरचे पाच किलो म्हणजे बरोबर एक हॉर्सपॉवर. पंचवीस किलो आले की पाचची मोटार. गिऱ्हाईक अंगठेबहाद्दर असलं तरी काटा वाचून पाचने भागत असे. चौथी शिकलेल्या माणसाने हे चाक ओतून घेतलं होतं, आणि पुढे पॉलिटेक्निकच्या एका सरांनी ते फूटपट्टीने मोजलं तेव्हा त्यांनी तो हिशोब आपल्या वहीत उतरवून घेतला.

या दोराने नजमाला एक गोष्ट फार लवकर शिकवली, ती ही, की मोटारीच्या अंगावर ठोकलेली पाटी आणि मोटारीतला जोर यांचं सहसा पटत नाही. बाजारातली पाटी फुगवून बोलते. वर पाच लिहिलेली नवीकोरी मोटार दोरावर वीस किलोला धापा टाकते. आणि शेतातली पाटी याच्या उलट, हात राखून बोलते. तिच्यावरही पाच असतात, पण दोर आवळला की काटा सदतीसवर जातो. म्हणजे साडेसात.

शेतातली पाटी अशी मुखदुर्बळ का झाली, ते या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. विहिरीवर मीटर नसायचं. जेवढी हॉर्सपॉवर कागदावर, तेवढं बिल. मग लोक पाचची जुनी मोटार घेऊन यायचे, दुकानात दुसरं कोणी नाही असं पाहून हळूच म्हणायचे, जरा जाड तार भरा, पाटी राहू द्या. फकीर मोहम्मद भरून द्यायचे. पाच वक्त नमाजी माणूस, तराजूत कधी मासाभर तांबं कमी दिलं नाही, पण यात त्यांना काही वावगं वाटत नसे. “पाटी सरकारची, तार आपली,” असं ते हसून म्हणत. शिवाय ज्याची गोष्ट त्याच्यापाशी. शेजारच्या विहिरीवर किती जोराची मोटार आहे हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्यामागे नजमानेही नाही. एखाद्या वकिलाने ठेवावा तसा तिने गावाचा विश्वास राखला होता, आणि तिच्या धंद्याचा खरा पाया तोच होता.

आता गोष्टीवर येऊ. सोनाळ्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला, पिंपळखोरा नावाचं एक शिवार आहे. संत्र्याच्या बागा आणि पंधरा विहिरी. पंधराही विहिरींना वीज पुरवते ती एकच डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. त्यातली एक विहीर अब्बांची, आता नजमाची. दोन एकरांत तिची संत्री आहेत, आणि दुकान बंद केल्यावर ती एसटीने नाही तर चालत तिकडे जाते, कारण झाडं बघत चाललं की जीभ आपोआप मऊ होते, असं तिचंच म्हणणं.

दिवाळीपासून होळीपर्यंत ती डीपी तीनदा जळाली. प्रत्येक वेळी लोकांनी ती ट्रॅक्टरवर घालून दुरुस्तीला नेली, प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस विहिरी मुक्या. तिसऱ्या वेळी आंबिया बहाराची फळं वाटाण्याएवढी झाली होती आणि झाडाखाली त्यांचा सडा पडायला लागला होता. वीज कार्यालयातल्या धम्मशीला मॅडम स्वतः येऊन पाहून गेल्या. त्यांनी सरळ सांगितलं, की कागदावर पंधरा मोटारी पाच-पाचच्या, म्हणजे पंचाहत्तर हॉर्सपॉवर. तेवढ्याला ही डीपी पुरायला पाहिजे. पुरत नसेल तर मोटारी मोठ्या आहेत. खरा लोड प्रत्येकाने लिहून द्या, मी मोठ्या डीपीचा प्रस्ताव पाठवते. साडेसातपर्यंतचं बिल आता माफच आहे, घाबरता कशाला?

घाबरायचं कारण बिल नव्हतंच. तीस वर्षं कागदावर पाच लिहिलेला माणूस आज एकदम साडेसात लिहितो, तर मागच्या तीस वर्षांचं काय, ही भीती होती. आणि त्याहून मोठी भीती शेजाऱ्याची. कारण गंमत अशी होती, की नजमा सोडली तर मोठ्या मोटारीच्या प्रत्येक मालकाला वाटत होतं, मोठी मोटार आपली एकट्याचीच आहे. बाकीचे बिचारे पाचवालेच. मग आपण तोंड उघडलं, तर डीपी जाळणारा चोर म्हणून आपलंच एकट्याचं नाव गावात होणार. म्हणून मॅडम गेल्यावर सगळे एकमेकांकडे अशा काही निष्पाप चेहऱ्याने पाहत राहिले, की वायरमन गणेशला हसू आवरेना.

चोर सापडेना तेव्हा दोष दुकानावर आला. निवृत्तीभाऊ म्हणजे शिवारातले सगळ्यात मोठे बागाईतदार, सहाशे झाडांचे धनी. ते चार माणसं घेऊन नजमाकडे आले आणि म्हणाले, की पंधराही मोटारी तुमच्याच दुकानच्या. भरण्यात काही कसर राहून गेली असेल, म्हणून करंट जास्त ओढत असतील. आपा, फकीरचाचा होते तेव्हा असं होत नव्हतं. नजमाने चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. निवृत्तीभाऊंची मोटार तिने स्वतः दोनदा भरली होती, दोन्ही वेळा साडेसातची, आणि दुसऱ्या वेळी ते स्वतः दाराशी उभे होते, कोणी येत नाही ना पाहत. हे तिला त्या चौघांसमोर सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. पाहते म्हणाली.

ते गेल्यावर मात्र तिने वार्निशच्या डब्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडे मांडले. चौदा मोटारी साडेसातच्या. त्यात एक अब्बांची. पंधरावी मनकर्णाबाईंची, ती तेवढी खरोखर पाचची. बेरीज एकशे दहा. कागदावर पंचाहत्तर, तारेवर एकशे दहा. तिने पेन्सिल खाली ठेवली. चौदा गुपितं तिने आयुष्यभर एकेक करून जपली होती, पण त्यांची बेरीज कधी केली नव्हती. आणि ती करू शकेल असं माणूस अख्ख्या सोनाळ्यात ती एकटीच होती. तिला स्वतःचा इतका राग आला, की त्या दिवशी तिने दुकान तीन वाजताच बंद केलं.

तिच्यापुढे सरळ पेच होता. लोकांची नावं फोडली, तर दुकानाचा विश्वास संपला, पुन्हा कोणी तिच्याकडे मोटार आणणार नाही. गप्प बसली, तर चौथ्यांदा डीपी जळणार आणि शिवारातल्या बागा जाणार. फोडता येईल असं एकच गुपित तिच्या मालकीचं होतं, तिच्या स्वतःच्या विहिरीचं. पण त्या मोटारीत तार भरली होती अब्बांनी, आणि त्यावर पाचची पाटीही अब्बांनीच ठेवली होती. ज्या माणसाच्या नावाची शपथ अजून बाजारात चालते, त्याची पाटी खोटी होती हे भर शिवारात त्याच्या मुलीने सांगायचं. बाग वाचवायची की अब्बांचं नाव, असा तो प्रश्न होता.

उत्तराचं एक टोक सापडलं शारजातून. तिथे तिचा धाकटा भाऊ वकार एका गॅरेजात आहे. जुन्या अमेरिकन गाड्या, लांबलचक बोनेटच्या आणि बैलासारख्या डुरकणाऱ्या, हौशी लोक तिथे दुरुस्तीला टाकतात. वकारला त्यांचं वेड आहे, आणि दर जुम्म्याला फोनवर तो बहिणीला एखादं इंजिन उघडून दाखवतो. नजमालाही ते पाहायला आवडतं. माणसाने केलेलं कुठलंही चांगलं काम तिला आवडतं, मग ते कोणाचंही असो. त्या शुक्रवारी तिने डीपीची कहाणी सांगितली, तर वकार हसायलाच लागला. आपा, तुमचं पिंपळखोरं तर अमेरिका आहे, म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. साठ-सत्तर सालच्या सुमारास तिथल्या कंपन्यांनी अफाट ताकदीच्या गाड्या काढल्या. तरुण पोरं त्या उडवायची, ठोकायची. विमा कंपन्यांनी हॉर्सपॉवर पाहून विम्याचा हप्ता वाढवला. शर्यतींतही कागदावरच्या आकड्यावरून गट ठरायचे. मग काही कंपन्यांनी आकडाच कमी लिहायला सुरुवात केली. एका गाडीच्या कागदावर दोनशे नव्वद, आणि इंजिन मोजलं तर साडेतीनशेच्या घरात. विकणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. आणि याच्या उलटही चालायचं. जाहिरातीतला आकडा मोठा दिसावा म्हणून इंजिन उघडंनागडं टेबलावर ठेवून मोजायचे. पंखा नाही, हवेची जाळी नाही, सायलेन्सर नाही. गाडीत बसल्यावर हे सगळं इंजिनाच्या मानेवर येतं आणि जोर उतरतो. पुढे बहात्तर सालापासून मोजायची रीत बदलली, सगळं लावून मोजायला लागले, तर एका वर्षात आकडे असे खाली आले की लोकांना वाटलं इंजिनच बदललं. इंजिन तेच होतं.

नजमाने विचारलं, मग खरा आकडा कोणता धरायचा? वकार म्हणाला, जो चाकापर्यंत पोचतो तो.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आपल्या दोराकडे पाहत बसली. अब्बांनी आणि तिने आजवर हजारभर मोटारींना दोर लावला असेल. सगळ्या दुकानात, बाजारपेठेच्या भरपूर व्होल्टेजवर, एकेकटी मोटार ठेवून. टेबलावरच. पंधरा मोटारी एका तारेवर ओढत असताना विहिरीच्या काठावर कोणीही, कधीही मोजलं नव्हतं.

डीपी परत बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पिंपळखोऱ्यातल्या सगळ्यांना आपल्या विहिरीवर बोलावलं. भरण्यात कसर आहे की नाही ते तुमच्यासमोर दाखवते, एवढाच निरोप. दिवसपाळीची लाईन नऊला आली तेव्हा पंधराही घरची माणसं हजर होती. मनकर्णाबाई लिंबाखाली टेकल्या होत्या. वय सत्तरीचं, एकट्या, दीडशे झाडांची बाग स्वतःच्या हिमतीवर सांभाळणाऱ्या. त्यांची विहीर तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला. नजमाने पंपाचं कपलिंग सोडून मोटारीला चाक बसवलं होतं, काटे दोन खांबांना टांगले होते. गणेशने आधीच बजावलं, की सगळ्या मोटारी एकदम चालवायच्या असतील तर पाच मिनिटांच्या वर नाही, डीपी गेली तर माझी नोकरी जाईल. तो हाकेच्या अंतरावरच्या डीपीपाशी फ्यूजच्या पेटीला हात लावून उभा राहिला.

आधी बाकीच्या सगळ्या मोटारी बंद ठेवून नजमाने आपली सुरू केली. दोर आवळत नेला. पाण्याची वाफ निघायला लागली. काट्यांची वजाबाकी तिने निवृत्तीभाऊंनाच करायला लावली. सदतीस. ते मनातल्या मनात पाचने भागत राहिले आणि आकडा तोंडातून काढेनात. तेव्हा नजमाने मोटार बंद केली, हात पुसले आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

“पाटी पाचची हाये, मोटार साडेसातची हाये. अब्बांनं भरली, माह्यासमोर. कागदावर खोटं लिवलं त्याईनं, अन् म्या तसंच चालू ठेवलं.”

 त्या क्षणी ती तिथल्या कोणाहीपेक्षा उंच दिसत होती, हे नंतर गणेशने पुष्कळांना सांगितलं.  मनकर्णाबाई सोडल्या तर सगळे जमिनीकडे पाहत होते. फकीरचाचांचं नाव ऐकून कोणाला धक्का बसला नव्हता, धक्का बसला होता तो आपलं नाव न आल्याचा.

तिने कोणालाच काही विचारलं नाही. आता आपापल्या मोटारी सुरू करा, एवढंच म्हणाली. माणसं पांगली. एकेक विहीर बोलू लागली. नजमाची मोटार पुन्हा दोराखाली होती आणि शेजारी मीटर. व्होल्टेज चारशे दहा होतं ते तीनशे ऐंशी झालं, मग साडेतीनशे, मग तीनशे, आणि शेवटी तीनशेच्या खाली जाऊन थरथरत राहिलं. मोटारीचा सूर बसला. तार सोसेल तेवढ्या करंटला काट्यावर आता सदतीस नव्हते. चोवीस होते. तीच मोटार, तोच दोर, तेच जाड तांबं. पावणेपाच.

निवृत्तीभाऊंचा विश्वास बसेना. माझी पाहा, म्हणाले. चाक त्यांच्या विहिरीवर नेलं. गणेशने थोडा वेळ डीपी थंड होऊ दिली. पुन्हा सगळ्या मोटारी सुरू. आपली मोटार साडेसातची आहे हे त्यांनी अजून तोंडाने कबूल केलेलं नव्हतं, पण काट्याने तेविसाचा आकडा दाखवला तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “म्हंजे साडेसात भरून मले पाच बी भेटून नाई राह्यले?” शेजारच्या चौघांनी एकदम मान वर केली. एकमेकांचे चेहरे पाहून प्रत्येकाला कळलं, की दुसऱ्याचीही साडेसातची आहे. कोणी आधी हसलं, मग सगळेच हसले, ओशाळे होऊन हसले. तीस वर्षं चोरून जाड तार भरून शेवटी हातात काय आलं, तर पाटीवर लिहिलं होतं तेवढंच, किंबहुना त्याहून जरा कमीच.

त्या हसण्यात मनकर्णाबाई काठी टेकत पुढे आल्या.

“माह्याबी मोटारीले लाव ना वं दोर.”

नजमाला नको होतं. तिला आकडा आधीच दिसत होता. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. चाक शेवटच्या विहिरीवर गेलं, चौदा मोटारी पुन्हा सुरू झाल्या, आणि म्हातारीच्या मोटारीवर दोर हळूहळू आवळला गेला. मोटार कण्हत होती. काट्यावर सोळा किलो. तीनच्या वर जेमतेम.

मनकर्णाबाईंनी स्वतः भागाकार केला. मग म्हणाल्या, की त्यांना वाटत होतं विहिरीचा झराच आटला. पाणाड्याला बोलावून झरा पाहिला होता, दोन परस विहीर खोल केली होती. तरी पाणी शेवटच्या ओळींपर्यंत पोचेना, म्हणून गेल्या उन्हाळ्याआधी त्यांनी टोकाची चाळीस झाडं तोडली. फळ धरणारी झाडं. कुऱ्हाड लावायला गडी तयार होईना, तेव्हा पहिला घाव त्यांनी स्वतः घातला होता. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हिशोब जुळल्यावर माणूस बोलतो तसं सांगितलं. आता कोणी हसत नव्हतं. पाचची पाटी आणि पाचचीच मोटार असलेली सगळ्या शिवारातली एकटी बाई, आणि चौदा जणांना पाटीइतकं मिळावं म्हणून कमी पडलं ते तिला.

नजमा मनकर्णाबाईंच्या पायाशी बसली. अब्बांचं नाव घेतानाही जे डोळ्यांत आलं नव्हतं ते आता आलं.

“मावशी, साऱ्याईच्या मोटारी माह्या हातच्या. मले एकेकीचा आकडा ठाऊक होता. म्या कधी बेरीजच नाई केली.”

“तुह्या बापानं मलेबी इचारलं होतं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “हे वारले त्याच साली. भाभी, साडेसातची करून देतो, कोनाले समजनार नाई, म्हने. म्या नाई म्हनलं.”

“काऊन?”

“एका तारेवर पंधरा विहिरी. म्या जास्त ओढलं त कोनाचं तरी कमी होईन ना, मा. शाळेत नाई गेली मी, पन येवढं त समजते.”

 जी बेरीज तिने आणि तिच्या हुशार बापाने कधी केली नव्हती, ती या बाईने तीस वर्षांपूर्वी, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं असताना, उभ्या उभ्या केली होती. निवृत्तीभाऊ तोंड फिरवून संत्र्यांकडे पाहत होते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, आपा, अर्ज लिहा.

विहिरीच्या काठावरच तो लिहिला गेला. कनेक्शन अजून अब्बांच्या नावावर होतं, म्हणून पहिलं नाव नजमाने फकीर मोहम्मद असं लिहिलं, पुढे साडेसात. दुसरं निवृत्तीभाऊंचं, साडेसात. मग एकामागून एक, साडेसात, साडेसात. कोणीच कोणाला विचारत नव्हतं. पेन मनकर्णाबाईंकडे आलं तेव्हा त्यांनी आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते विचारून घेतलं. पाच, असं कळलं तेव्हा सही केली, काठी उचलली आणि निघाल्या. दोन पावलं जाऊन थांबल्या आणि चौदा जणांकडे वळून म्हणाल्या,

“माहा आकडा काही बदलाचा नाई, त मी चालली. तुमचं झालं म्हंजे कुदयी घेऊन या. चाळीस गड्डे खंदाचे हायेत.”

मोठी डीपी यायला जून उजाडला. तोवर लोकांनी पाळ्या लावून घेतल्या, आठ मोटारी सकाळी, सात दुपारी, आणि डीपी चौथ्यांदा जळाली नाही. मॅडमनी मागचं काही उकरून काढलं नाही. नजमाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी होईल असं काहींना वाटलं होतं, ते वाढलं. आता लोक येतात आणि सांगतात, आपा, दुकानात नको, विहिरीवर येऊन दोर लावा, सगळे चालू असताना.

पण त्याच्याही आधी, अर्जाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, पिंपळखोऱ्याच्या शेवटच्या टोकाला चौदा घरची माणसं कुदळी-फावडी घेऊन जमली. ऊन चढायच्या आत चाळीस खड्डे झाले. पहिला नजमाने खणला. खणताना ती रडत होती, आणि ते तिने कोणापासून लपवलं नाही.